विटा पाडणाऱ्यांचा देव

"दारू प्यायला होता, एवढंच म्हणायचं, वहिनी. बाकीचं मी बघून घेतो."

दीर उंबऱ्यातच उभा होता. वीटभट्टीवरचा मुकादम म्हणून लोक त्याला वचकून असत, पण मेलेल्या भावाच्या खोलीत पाऊल टाकायचं त्याच्याने होत नव्हतं. ती विझलेल्या चुलीपुढे बसून होती.

"तुमच्या दादांनी कधी थेंब तरी तोंडाला लावला का, भाऊजी?"

"मला नका ते विचारू. उद्या चौकशीला सरकारी साहेब येतोय. मालक म्हणालेत, वहिनींनी एवढं सांगितलं तर खोली त्यांच्याकडेच राहील. पोरीला घेऊन कुठे जाणार तुम्ही?"

"आणि मातीचा कडा खालून पोखरला होता, ते कोण सांगणार?"

तो वळला आणि चाळीच्या टोकाकडे चालू लागला.

लग्न होऊन ती याच खोलीत आली होती. नवरा माती खणायचा, ती विटा पाडायची. चिखल साच्यात दाबायचा, वरून हात फिरवायचा, साचा उचलायचा, पुन्हा पुढची वीट. बोटांच्या भेगांत बसलेली माती रविवारीसुद्धा निघत नसे. तसेच हात जोडून ती चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसायची. पुढच्या बाकावर मालकांचं कुटुंब असे. चर्चच्या भिंतींसाठी विटा त्यांनीच दिल्या होत्या. जुने फादर सांगायचे, इथे सोसा, वर मिळेल. तिला ते पटायचं. सोसण्याला काहीतरी अर्थ आहे, एवढं कळलं तरी पुरे होतं.

मग नवे फादर आले. ते चाळीत यायचे, चटईवर बसायचे आणि चहा मिळाला तर फुंकून प्यायचे. दर गुरुवारी दिवेलागणीला कुणाच्या तरी खोलीत सगळे जमू लागले. फादर बायबलमधली एक गोष्ट वाचायचे आणि गप्प बसायचे. बोलायचं ते इतरांनी.

पहिल्याच खेपेला त्यांनी गुलामांची गोष्ट वाचली. परक्या राजाच्या देशात विटा पाडणारी माणसं. राजानं विटांच्या चिखलात कालवायचा पेंढा द्यायचा बंद केला, पण विटा मात्र तेवढ्याच मागितल्या.

"थांबा थांबा," तोफ म्हणाली. आवाजामुळे त्या म्हातारीला सगळी चाळ तोफ म्हणायची. "ते खरंच विटाच पाडत होते?"

"विटाच."

"बाई गं! इतकी वर्षं चर्चला जातेय, हे कुणी सांगितलं नाही मला. आणि मुकादम होते का त्यांच्यावर?"

"होते. त्यांच्यातलेच. विटा कमी पडल्या की राजाची माणसं त्या मुकादमांनाही मारायची."

सगळे हसले आणि दिराकडे बघू लागले. तोही हसला, पण पुढच्या गुरुवारी आला नाही.

फादर सांगायचे, पाप नुसतं माणसाच्या मनात नसतं. चार भल्या माणसांनी मिळून चालवलेल्या कारभारातही ते मुरलेलं असतं, आणि मग ते कुणाचंच वाटत नाही. तारण मेल्यावर सुरू होत नाही, इथूनच सुरू होतं. माणूस चिरडला जात असताना देव लांब उभा राहून बघत नाही, तो त्याच्या बाजूला येऊन उभा राहतो.

"म्हणजे देव मालकांचा नाही?" तिच्या नवऱ्यानं विचारलं होतं.

"त्यांचाही आहे. पण त्यांना तो भेटायचा तर इथे, तुमच्या चाळीत येऊन भेटावं लागेल."

नवरा त्या रात्री बराच वेळ जागा होता. काही दिवसांनी तो चार जणांना घेऊन मालकांकडे गेला. कड्याला पायऱ्या पाडून माती काढा, नाहीतर एक दिवस अंगावर येईल, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. पायऱ्या पाडायला वेळ जातो, म्हणाले. पुढच्याच आठवड्यात मुकादमानं आपल्या भावाला त्या कड्याखाली लावलं. दुपारी कडा खाली आला.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. फादर शवपेटीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "याला देवाची इच्छा म्हणू नका. देवावर आळ घेऊ नका. हे माणसांनी केलंय, आणि माणसांना थांबवता आलं असतं." मालक उठले आणि मधल्या वाटेनं बाहेर निघून गेले.

दीर उंबऱ्यातून परत गेल्यावर ती तडक फादरांकडे गेली. उद्या काय बोलावं, हे त्यांना विचारायचं होतं. ते पुस्तकं दोरीनं बांधत होते.

"बिशपनी बोलावलंय," ते म्हणाले. "इथलं काम संपलं माझं. सकाळच्या गाडीनं निघतोय."

"मालकांनी तक्रार केली?"

"केली असेल. पण हुकूम बिशपांचा आहे. आज्ञा पाळीन, असं वचन दिलंय मी."

"मग आमचं काय?"

फादरांनी दोरीची गाठ पुन्हा सोडली, पुन्हा मारली. ते रडत होते, हे तिला जरा उशिरा कळलं.



उद्याचं विचारायचं तसंच राहिलं. "नीट जा," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. पत्र्याच्या छपराखाली टेबल मांडलं होतं. मालक बाजूला खुर्चीत होते. कामगारांना लांब उभं केलं होतं. साहेबानं तिला बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली.

"माझे धनी पीत नव्हते," ती म्हणाली. "कडा खालून पोखरला होता. त्यांना माहीत होतं. मुकादमांना माहीत होतं. या मालकांनाही माहीत होतं, कारण सांगायला माझेच धनी गेले होते."

तिचा आवाज लांबच्या माणसांपर्यंत पोचला.

साहेबानं मुकादमाकडे पाहिलं. दीर जमिनीकडे बघत होता.

"प्यायला होता, साहेब," तो म्हणाला.

लांब उभ्या असलेल्यांपैकी कुणीही पुढे आलं नाही. सगळ्यांच्या खोल्या भट्टीच्याच होत्या. तोफसुद्धा गप्प होती. चौकशी तिथेच संपली.

खोली आणि काम दोन्ही गेलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका सायकलवाल्याच्या दुकानामागे तिला जागा मिळाली. ती लोकांचे कपडे धुऊ लागली. पोरीची शाळा सुटली. फादरांच्या जागी चर्चला आलेले तरुण फादर स्वभावानं चांगले होते. चर्चमध्ये तंटे नकोत, आपण प्रार्थना करू या, म्हणाले आणि गुरुवारच्या बैठका बंद झाल्या. बैठका घेणाऱ्या फादरांना कुठे पाठवलं, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

थंडी पडू लागली तेव्हा एका संध्याकाळी तोफ तिच्या दारात आली.

"तोंड दाखवायची लाज वाटते," ती म्हणाली. इतक्या हळू बोलताना तिला कुणी ऐकलं नव्हतं. "पण घरी बसून नुसतं घुसमटायला होतं. वाचू या का काहीतरी?"

पोरीला वाचता येत होतं. मग दोघी-तिघी येऊ लागल्या. पुरुष येत नसत. वाचून झालं की पूर्वीसारखं कुणी भरभरून बोलत नसे. आपण त्या दिवशी गप्प राहिलो, हे सगळ्यांच्या मध्ये बसलेलं असायचं. तिनं तो विषय कधी काढला नाही. पण विसरलीही नाही.

एकदा पोरगी वाचत असताना दाराशी सावली पडली. दीर होता. दाढी वाढलेली, अंगावर भट्टीची धूळ. पोरगी वाचायची थांबली. तोफेनं तोंड फिरवलं.

"आत येऊ का?" त्यानं विचारलं.

पोरगी आईकडे बघत होती. ये म्हणायला आईची जीभ रेटेना, जा म्हणायलाही रेटेना. मांडीवरचा धुतलेला सदरा तिनं घडी करून बाजूला ठेवला.

"वाच गं पुढे," ती पोरीला म्हणाली, आणि चटईवर थोडीशी सरकली.