केवळाबाईंच्या करंड्यातला पिवळा गोळा

मी एक जुना मेणाचा गोळा आहे. रंगानं पिवळट, अंगाला मधाचा वास. मित्रांनो, इस्लापूरच्या रानात हजारो मधमाश्यांनी मला घडवलं. मध माणसांनी खाल्ला, पोळं उकळून फडक्यातून गाळलं, आणि पाण्यावर तरंगला तो मी. पुढं किल्लारीच्या केवळाबाईंच्या कुंकवाच्या करंड्यात आलो. रोज सकाळी त्यांचं बोट माझ्यावर फिरे, त्या उबेनं मी मऊ होई, कपाळावर बसे आणि माझ्यावर कुंकू. दिवसभर ते धरून ठेवायचं, हीच माझी नोकरी. पंधरा वर्षांत एक रजा नाही.

त्यांची नात तनुजा लातूरला मेणबत्त्या करायला शिकली. स्वतःच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तिनं मला खरवडून खिडकीत ठेवलं.

"आज्जे, पाहुण्यांसमोर हे कळकट? हे बघ कारखान्यातलं खास कडक मेण. पांढरंशुभ्र, वास न्हाई, शंभर अंशाजवळ गेल्याबिगर वितळत न्हाई!"

खरं होतं. पांढऱ्याला थेट गॅसवरच वितळवावं लागलं. करंड्यात तो गोटीसारखा घट्ट बसला आणि माझ्याकडं बघून चमकला. मी उन्हानं घामेजलेलो, अंगावर दोन मुंग्या.

सकाळी केवळाबाईंनी बोट घासघास घासलं. पांढरा ढिम्म. शेवटी कुंकू तसंच कपाळावर दाबलं नि त्या पाहुण्यांपुढं गेल्या. व्याही वैजनाथरावांना पेढा द्यायला वाकल्या, अन् कुंकू थेट त्यांच्या पोह्यांत!

"आजी, पोह्यालाच कुंकू लावलंव?" वैजनाथरावांनी विचारलं.

केवळाबाईंचा चेहरा उतरला. नातीच्या साखरपुड्यात अपशकून! कोपऱ्यातून त्यांचे धनी शेषेराव ओरडले, "आगं, घाबरून काय राहिलीस? म्या जित्ता हाय, पोहे खाऊन राहिलो!"

सगळे हसले; केवळाबाई मात्र कपाळ पदराखाली झाकून उभ्या. तनुजा पळत खिडकीशी आली, मुंग्या फुंकल्या आणि मला आजीच्या बोटाखाली धरलं. मी लगेच मऊ झालो. कुंकू बसलं, त्या वाकल्या तरी हलेना.

तेव्हा विहीण मंजुळाबाई पुढं सरकल्या. "मला बी लावा थोडं. सकाळधरनं ही तिसरी टिकली गळून पडली."

दोघींच्या कपाळी मीच! साखरपुडा झाला.

पांढऱ्यावर माझा राग नाही. कपाटाच्या अडकणाऱ्या खणाला तो घासल्यापासून खण सुरसुर सरकतो. मी घासलो असतो तर खण चिकटून बसला असता. ज्याचा त्याचा गुण. पण मित्रांनो, घरातलं जुनं काही फेकण्याआधी, ते काय धरून बसलंय एवढं तरी बघत जा.