कुरकुर आणि काचेचा ठोकळा

मी असामान्य आहे हे मला स्वतःला बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. फक्त एका परक्या सरकारला ते पटवून द्यायचं बाकी होतं.

माझा विषय कुरकुर. बिजागऱ्या, कड्या, यंत्रांचे सांधे का कुरकुरतात, यावर माझं संशोधन आहे. या विषयात मला ओळखणारे जगभरातले सगळे लोक एका टेबलाभोवती आरामात मावतील आणि त्यातले निम्मे एकमेकांशी बोलणार नाहीत. आमची प्रयोगशाळा बंद पडायच्या बेतात होती. म्हणून असामान्य प्रतिभावंतांसाठी असतो तो व्हिसा मिळवायचा आणि बायकोसकट परदेशी कायमचं जायचं, असं मी ठरवलं. बायकोला तसं सांगितलंही, भाजी संपलीय असं सांगावं तसं. ती म्हणाली, "बघ." तो होकार आहे असं मी धरून चाललो.

बायको कृत्रिम डोळे बनवते. घरातल्याच मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात माणसाला बसवायचं आणि त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत बघत दुसऱ्या, कृत्रिम डोळ्याचं बुबुळ रंगवायचं. पांढऱ्या भागात शिरा दिसाव्यात म्हणून ती लाल रेशमाचे धागे एकेक सुटे करून बसवते. त्या खोलीचं दार भयंकर कुरकुरायचं. "अरे, जरा तेल घाल की," ती म्हणायची. आता तेल हा काही खरा उपाय नव्हे, हे सिद्ध करणारे निबंध मीच लिहिलेत. मी तेल घालायचं म्हणजे स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायची. शेवटी घरात पडलेला एक जड काचेचा ठोकळा मी दाराला लावला आणि दार कायमचं उघडं ठेवलं. हलणारच नाही ते दार कुरकुरेल कशाला? या शोधावर मी बरेच दिवस खूश होतो.

व्हिसाचं काम बघणारी सल्लागार बाई व्हिडिओवर भेटली. शेजारी माझा मेहुणा चहा पीत बसला होता. मी स्वतःबद्दल भरपूर बोललो. बाईने ते निमूट ऐकून घेतलं.

"सर, अर्ज सगळेच करतात. पण सरकार बोलावतं ते क्रमाने. आधी ज्यांना आपापल्या क्षेत्रातला जगातला सर्वोच्च पुरस्कार मिळालाय ते. मग ज्यांची शिफारस तिथल्या एखाद्या सरकारी खात्याने केलीय ते. मग आरोग्य, ऊर्जा अशा त्यांच्या गरजेच्या क्षेत्रांतले. आणि मग बाकीचे."

"कुरकुर कशात येते?"

"बाकीच्यांत."

"आणि बाकीच्यांना कधी बोलावतात?"

"जागा उरल्या तर."

मेहुण्याला ठसका लागला. "भावोजी, तुम्ही असामान्यांतले सामान्य निघालात." हे वाक्य त्याने पुढे सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं.

"मुख्य अर्जदार दोघांपैकी कुणीही होऊ शकतं," बाई म्हणाली. "मॅडमना काही पुरस्कार वगैरे?"

मी हसलो. मेहुणा मात्र उठला, मागच्या खोलीपाशी गेला आणि दाराचा ठोकळा उचलून त्याने तो कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर बायकोचं नाव कोरलेलं होतं. कृत्रिम डोळे बनवणाऱ्यांच्या जागतिक संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार. मागे दार कुरकुरत मिटलं.

बाई खुर्चीत सावरून बसली. "सर, जरा मॅडमना बोलावता का?"

अर्ज बायकोच्या नावाने गेला. सगळं मीच भरलं, तिने माझ्याकडे एकदा बघून सही केली. बायकोच्या व्हिसावर परदेशी गेलेल्या एका सहकाऱ्याला मी पूर्वी 'पदराला धरून गेला' म्हणून हसलो होतो. आता मी तोच पदर दोन्ही हातांनी धरला होता. आमंत्रण लगेच आलं. मी आनंदाने पुढचा फॉर्म भरायला बसलो.

त्यात एक प्रश्न होता: तिथे कायम राहण्याचा तुमचा इरादा आहे का? प्रश्न मुख्य अर्जदाराला होता. त्यामुळे नाइलाजाने मला उठून मागच्या खोलीत जावं लागलं.

ती एका लहान मुलीसाठी छोटासा डोळा रंगवत होती. मी प्रश्न वाचून दाखवला.

"नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, तिने नीट ऐकलं नाही. मी पुन्हा वाचला.

"मुलं वाढतात रे," तिने ब्रश खाली ठेवला. "चेहरा मोठा होतो, डोळा लहान पडतो. दरवेळी नवा करावा लागतो. या पोरीचा पहिला डोळा केला तेव्हा तिला बोलताही येत नव्हतं. मी गेले तर इथे कोण करणार?"

"मग सही कशाला केलीस?"

"मला वाटलं, कधीतरी विचारशील. मी वाट बघत होते."

मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी स्वतःसाठीच वाटलं. पहिल्यांदाच रांगेत पुढे उभा होतो, तेही दुसऱ्याच्या जागेवर, आणि तीही गेली. मग मी तोंड फुगवून बसलो. तिच्या बोलण्यातलं 'वाट बघत होते' डोक्यात शिरायला आणखी बराच वेळ लागला. शिरलं तेव्हा मात्र लाजेने तिच्यासमोर जाववेना.

आमंत्रण आम्ही परत केलं. प्रयोगशाळा बंद झाल्यावर मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागलो. कुठे काय कुरकुरतंय ते सांगायचं. लोकांना माझं बोलणं ऐकण्यात रस नसतो, लिफ्ट गप्प व्हायला हवी असते. काचेचा ठोकळा आता बाहेरच्या खोलीत, आल्याबरोबर दिसेल असा ठेवलाय. मागच्या दाराला मी एकदा कुणी बघत नसताना तेल घातलं. अजून तरी आवाज नाही. निबंध मात्र मागे घेतलेले नाहीत.

लोक विचारतात, एवढं आमंत्रण आलं होतं, मग का नाही गेलात? मी मान ताठ करून सांगतो, "आम्ही नको म्हणालो."

बायको तिथेच असते. 'आम्ही' म्हटलं की ती माझ्याकडे एकदा बघते.