आयसीच्या पहिल्या गाण्याची तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी तबकडी आहे. बशीपेक्षा थोडी मोठी आणि वजनाला हलकी. अंगावर ओरखडे पुष्कळ आहेत. पण ते पाहून मला निकामी समजू नका. आयसिल्डा फेसी या थोर गायिकेचे अगदी पहिले गाणे माझ्यात आहे.

माझा जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा. ग्रिनिच फार्मच्या कोळीवाड्यात आयसिल्डाला सगळे आयसीच म्हणत. सकाळी ती आईबरोबर मासे विकायची आणि विकता विकता गायची. तिचे वडील होडी घेऊन समुद्रावर गेले होते, ते परतलेच नाहीत. त्यांना हाका मारणारे एक गाणे तिने रचले. लॅसेल्स टलक नावाचा शेजारी बेस गिटार वाजवायचा. त्याने तिला डंकलीसाहेबांच्या स्टुडिओत नेले. स्टुडिओ कसला, लाकडाच्या वखारीमागची एक खोली! भिंतींना गोणपाट ठोकलेले आणि माइक एकच.

आयसी डोळे मिटून गायली. शेवटच्या कडव्यात "पपा" म्हणताना तिचा आवाज चिरला.

"पोरी, आवाज फाटला. पुन्हा गा," डंकलीसाहेब म्हणाले.

"पुन्हा नाही जमायचं, साहेब. होतं नव्हतं ते सगळं गाऊन झालं."

लॅसेल्स मध्ये पडला. "राहू द्या ना तसंच! ठाकठीक गाणी काय, रेडिओवर ढीगभर लागतात."

गाणे तसेच राहिले. मग कारखान्यात एका गरम काळ्या गोळ्याला दोन पोलादी साच्यांनी करकचून दाबले, आणि मी जन्मले. माझ्या पोटावरच्या कोऱ्या कागदावर आयसीने निळ्या शाईने स्वतःचे नाव लिहिले. माझ्या भावंडांवर तर तेवढेही नव्हते.

काय दिवस होते ते! लॅसेल्सचा स्वतःचा साउंड होता, कपाटाएवढे स्पीकर ट्रकवर लादून तो गल्लोगल्ली नाच भरवायचा. मी वाजू लागले की मासे तळणाऱ्या बायका झारा हातात धरून तशाच उभ्या राहत. कढईतला मासा करपून जाई, पण कुणी तक्रार करत नसे.

पुढे आयसी लंडनला गेली. तिथे तिने तेच गाणे पुन्हा गायले. या वेळी व्हायोलिने होती, मागे कोरस होता, आवाज कुठेही चिरला नाही. ते गाणे जगभर खपले. इकडे डंकलीसाहेबांनी माझ्या गाण्याची मूळ फीत पुसून तिच्यावर दुसरेच गाणे घेतले. माझी भावंडे फुटली, हरवली. मी लॅसेल्सच्या पलंगाखाली खोक्यात पडून राहिले. खारा वारा आणि धूळ, एवढीच सोबत. आपले दिवस सरले, असे मला वाटू लागले होते.

पण मित्रांनो, खरी गोष्ट पुढेच आहे.

केस पांढरे झाल्यावर आयसी गावी परतली. तिच्या घशाचे मोठे ऑपरेशन झाले होते. बोलणे घोगरे झाले होते आणि गाणे तर तिने सोडूनच दिले होते. कोळीवाड्याने तिच्या सन्मानासाठी रविवारी दुपारी किनाऱ्यावर नाच ठेवला. त्याच सकाळी लॅसेल्सने मला खोक्यातून काढले, कोमट पाण्यात साबणाचा फेस करून अलगद धुतले आणि मऊ फडक्याने टिपले.

आधी लंडनचे गाणे लावले. लोकांनी अदबीने टाळ्या वाजवल्या. मागून एक कोळीण ओरडली, "अहो अंकल, हे लग्नाच्या हॉलात लावा! इथं मासे झोपले आमचे!"

सगळे हसले. आयसीने मान खाली घातली. लॅसेल्सने मला हातात घेतले तशी ती दचकली.

"अरे, ती नको! त्यात मी कोंबडीसारखी ओरडलेय. लाज काढशील माझी."

"ओरडलीस म्हणूनच सांभाळलीय ना! तू मुकाट्याने बस आणि ही बामीची भाकरी खा."

सुई टेकली. आधी माझी खरखर ऐकू आली. मग बेसचा ठोका वाळूतून लोकांच्या पोटऱ्यांत चढला, आणि त्यावर आयसीचा कोवळा, निर्भय आवाज उभा राहिला. "पपा" आले. आवाज चिरला. आणि मग गर्जना! लोक झाकणे बडवू लागले, होड्यांवर थापा मारू लागले. "मागे घे, म्हाताऱ्या! पहिल्यापासून!" आमच्याकडे याहून मोठी दाद नाही. लॅसेल्सला सुई उचलावी लागली. पुन्हा लावली, पुन्हा उचलावी लागली.

आयसी रडत रडत हसत होती. "मला तेव्हा गाता तरी कुठं येत होतं रे?"

"म्हणून तर खोटं काही घालता आलं नाही तुला," लॅसेल्स म्हणाला. त्याने मला उलटे केले. माझ्या पाठीवर त्याच गाण्याचा नुसता ताल आहे, गाणारे कुणी नाही. त्याने माइक तिच्यापुढे धरला.

आयसी उठली. त्या घोगऱ्या, खरबरीत आवाजात ती वडिलांना हाका मारू लागली, आणि सगळा कोळीवाडा तिच्यामागून गाऊ लागला. इतकी वर्षे वाजले, पण असे गाणे मी कधी ऐकले नव्हते!

आता माझ्यावरून नव्या तबकड्या निघाल्या आहेत. देशोदेशीचे लोक आयसीचे पहिले गाणे ऐकतात. आणि आयसी? ती दर रविवारी किनाऱ्यावर गाते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी धूळ खात पडले असेल. त्याला अलगद पुसा. उन्हात ठेवू नका, त्याच्यावर ओझे रचू नका. पण नुसते कपाटात जपूनही ठेवू नका. थोडी झिजले तरी चालेल, मला वाजवा!