पुठ्ठ्याआडचे फासे

माझी भडका मरूच शकत नाही, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. भडका म्हणजे माझी राणी. केस लाल, तलवार स्वतःपेक्षा लांब, अक्कल जेमतेम. आमच्या खेळात प्रत्येकाचं असं एक पात्र असतं. त्याच्या वतीनं आपण बोलायचं, लढायचं, आणि जमलं की फसलं ते फासे सांगणार. बाकीचं सगळं जग, म्हणजे लांडगे, राक्षस, खडूस राजे, एकटाच माणूस चालवतो. त्याच्यावर ‘राज्य’ असतं, असं आम्ही म्हणतो.

मी सहावीत असल्यापासून राज्य दादावर, म्हणजे माझ्या चुलतभावावर. काकूचं शिवणाचं दुकान बंद असेल त्या दिवशी तिच्या कापड बेतायच्या टेबलावर आम्ही जमतो. खडूनं नकाशा काढायचा. रंगीत बटणं म्हणजे आपण, काळी बटणं म्हणजे शत्रू. आणि दादासमोर कापडाच्या ताग्यातून निघालेला पुठ्ठा उभा. त्याच्याआड तो फासे टाकणार, डोळे बारीक करणार आणि म्हणणार, “हुश्श! वाचलीस!”

परवा तो म्हणाला, “नवीन मोहिमेत मलाही खेळायचंय. राज्य कोणीतरी घ्या आता.”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर! मी आता नववीत आहे, वर्गात सरांची बेरीज चुकली तर उभी राहून सांगते, मला काय धाड भरलीय?

“आधी नियम ठरवा,” वकील म्हणाला. वकील म्हणजे आमच्यातला तो, जो प्रत्येक फाशावर हरकत घेतो. पुस्तकं दोन होती. एक जाडं, उशाला घेतलं तर मान धरेल असं, ज्याचे नियम आम्ही आजवर पाळले. दुसरं बारकं, नवीन. त्यात पहिल्याच पानावर लिहिलंय: फासे सगळ्यांसमोर, आडोसा नाही.

“बारकं!” मी म्हणाले.

“जाडंच बरं,” दादा घाईघाईनं म्हणाला. “सवयीचं आहे.”

“चाचणी घेऊ,” वकील म्हणाला. “जुनीच पात्रं, नवे नियम. दादा, शेवटचं राज्य तुझं. काढ तो पुठ्ठा.”

दादानं पुठ्ठा इतक्या हळू काढला, की जणू जखमेवरची पट्टी काढतोय. जंगल, एक लांडगा, एकच. मी मजेत भडकाला पुढे घातलं. दादानं लांडग्याच्या वतीनं आमचा वीस बाजूंचा फासा टाकला. तो घरंगळत माझ्यासमोर आला आणि थांबला. वीस. त्याहून मोठा आकडा त्या फाशावर नाहीच.

वकिलानं बारक्या पुस्तकात बोट घालून नियम बघितला.

“शत्रूला वीस पडले की संपलं. मेली,” वकील म्हणाला.

“कोण?”

“तुझी राणी, अजून कोण?”

मी हसले. खरंच हसले. मग कोणीच हसत नाहीये असं दिसलं आणि माझे कान गार पडले. “असं कसं? अख्खं सैन्य अंगावर आलं तेव्हा मेली नाही! पूल कोसळला तेव्हा नाही! आणि आता एका फालतू लांडग्यानं...”

“तेव्हा पुठ्ठा होता ना,” वकील म्हणाला.

शिट्टीनं त्याला टेबलाखालून लाथ मारली. शिट्टी माझी जिवलग मैत्रीण, दातांतल्या फटीमुळे तिचा ‘स’ वाजतो. मी तिच्याकडे पाहिलं. ती टेबलावरच्या मापाच्या टेपकडे बघत बसली.

“स्सांगायचं नव्हतं आम्हाला,” ती पुटपुटली. “अगं, तू लिंबूटिंबू होतीस.”

लिंबूटिंबू! पकडापकडीत शेंबडं पोर असतं ना, आऊट झालं तरी ज्याला कोणी आऊट देत नाही, ते! मी! जिनं पुलाची गोष्ट अख्ख्या वर्गाला हातवारे करून सांगितली होती!

“तू एवढीशी होतीस,” दादा म्हणाला. “पहिल्याच दिवशी राणी मेली असती, तर परत आली असतीस?”

“नसते आले.”

“मग?”

“पण मागच्या वेळी? तेव्हा कुठे एवढीशी होते मी?”

दादानं मान खाली घातली. “सवय लागली गं. तुझा चेहरा बघून हात आपोआप फासा फिरवायला...”

“म्हणून म्हणतो,” वकील म्हणाला, “राज्य हिला झेपायचं नाही. आत्ता रडेल बघ.”

रडू आलंच होतं. ते गिळलं, पुठ्ठा उचलला आणि काकूच्या चिंध्यांच्या टोपलीत कोंबला.

“राज्य माझ्यावर. पुस्तक बारकं. फासे इथे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कोणाची हरकत?”

वकिलाची हरकत नाही, हे पहिल्यांदाच घडलं.

दादानं पात्र बनवलं. इतकी वर्षं तो लांडगे आणि खडूस राजेच झाला होता, स्वतःचं असं हे त्याचं पहिलंच. टाचणीबुवा, जखमा शिवणारा म्हातारा वैद्य. त्याचा आवाजसुद्धा त्यानं ठरवून ठेवला होता, नाकातला. बटण हिरवं, चार भोकांचं, पूर्ण डबा उपसून निवडलेलं.

टाचणीबुवा खोकत खोकत जंगलात शिरला. मी लांडगा सोडला आणि फासा टाकला. तो टेबलभर धावला, कात्रीला आपटला, थांबला.

वीस.

दादाचा चेहरा पांढराफटक. माझा हात फाशाकडे गेला, देवाशप्पथ, आपोआप गेला. ‘हुश्श’ जिभेवर येऊन बसलं होतं.

“ए,” दादा नाकातल्या आवाजात म्हणाला, “म्हाताऱ्याला एकदाच लिंबूटिंबू घे ना, बाई.”

मी हात मागे घेतला.

“टाचणीबुवा गेला, दादा.”

तो आ वासून माझ्याकडे बघतच राहिला. मी पण. मग त्यानं हिरवं बटण उचललं, माझ्या मेलेल्या भडकाशेजारी ठेवलं आणि बटणांचा डबा पुन्हा स्वतःकडे ओढला.