हिरव्या चिंधीचा डबा

नांदेडची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी तुळजाबाई फाट्यावर उभीच असायची. डोळे उघडे, पण मन कधीच गाडीत चढलेलं. ड्रायव्हर मलप्पाच्या सीटमागं लटकलेल्या पिशव्यांत आपणही बसलोय असं तिला वाटायचं. नायगावला कुणी केळीची फणी घेऊन चढायचं, पुढं गोदावरीच्या पुलावर गार वारा लागायचा, आणि स्टँडवर, तिथं शिकायला राहिलेली लेक ऋतुजा ओढणी सावरत समोरून यायची. पोरीनं झाकण उघडलं की वाफ थेट आईच्या तोंडावर.

"चल घरी," नवरा शेषेराव म्हणायचा. "डबा पोचायच्या आधी तूच पोचतीस नांदेडला."

शहरात असे डबे पोचवण्याला सेवा म्हणतात, त्याचं ॲप काढतात आणि वर कौतुकही करून घेतात. देगलूरच्या अलीकडच्या या फाट्यावर त्याला नावसुद्धा नव्हतं. पहिला डबा गाडीवर कुणी दिला, कुणाला आठवत नाही. स्टीलचे डबे सारे सारखे, नावं कोरलेली ती बुडाशी; पोरं घोटाळायची, तेव्हा एका बाईनं डब्याला आपल्या जुन्या साडीची चिंधी बांधली. आईची साडी कुठलं लेकरू ओळखत नाही? आठवड्याभरात सगळे डबे चिंध्या लेवून निघाले.

फक्त एका गोष्टीचा विचार कुणी केला नव्हता. गावातल्या बचत गटानं एका वर्षी सगळ्या बायांना एकाच ठाणातली पोपटी साडी घेतली होती. एका ठाणातलं कापड म्हटल्यावर ते विरणारही एकाच हंगामात.

तुळजाबाईची साडी आधी विरली. विहाराशेजारच्या सुमनबाईची नंतर, आणि दोघींच्या डब्यांना पोपटी चिंधी लागली. सुमनबाईची लुंबिनीही नांदेडलाच शिकत होती. गटाच्या बैठकीत दोघी एका सतरंजीवर बसायच्या, एकमेकींच्या सासवांची गाऱ्हाणी ऐकायच्या. सुमनबाईच्या घरी बैठक असली की तुळजाबाई चहा मात्र घरूनच पिऊन यायची. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

आणि इकडं ऋतुजा वाळत चालली होती. डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास, खोलीत चार भिंती, घास घशाखाली उतरत नव्हता. तुपाच्या चपात्या, बटाट्याची भाजी, शिरा. तुळजाबाईनं काय काय पाठवलं, पण संध्याकाळच्या गाडीला डबा अर्धा भरलेलाच परत यायचा. ते उरलेलं अन्न तिला म्हशीपुढं टाकावं लागायचं.

मग एका संध्याकाळी फोन आला. "आई, आज लई भारी भाजी केली होतीस! चाटूनपुसून खाल्लं बघ."

"हाव," तुळजाबाई म्हणाली. तिनं तर नेहमीचा बटाटाच केला होता.

परत आलेला डबा घासताना बुडाशी कोरलेलं नाव बोटाला लागलं: सुमनबाई नरसिंग.

खोटं कशाला सांगायचं, आधी तिला पोरीनं त्या घरचं खाल्लं याचंच वाईट वाटलं. मग ती रिकाम्या डब्याकडं बघत मोरीपाशीच बसली. हंडा भरून पाणी वाहू लागलं, तरी तिला समोर ऋतुजाच दिसत होती, मांडी घालून, गाल फुगवून जेवणारी. कितीतरी दिवसांनी. डब्यात शीत उरलं नव्हतं, फक्त अंबाडीचा आंबट वास होता.

दुसऱ्या दिवशी तिनंही अंबाडी केली. फाट्यावर सुमनबाईच्या डब्याला आज लाल चिंधी होती. म्हणजे तिलाही कळलं होतं. दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं.

संध्याकाळी ऋतुजाचा आवाज पडलेला. "कालच्यासारखी न्हाई झाली, आई. काही दुखून राहिलं का तुझं?"

दुखत होतंच. आपला हात पोरीला पुरत नाही, याच्याइतकं आईला दुसरं काय दुखणार?

सकाळी ती फाट्यावर गेली ती सरळ सुमनबाईपुढं जाऊन उभी राहिली. सुमनबाईनं डबा पदराआड घेतला.

"तुळजाक्का, चूक झाली वो. आता लाल बांधून राहिले मी. पुन्हा न्हाई होणार."

"काय घातलं होतंस भाजीत?"

सुमनबाईचा चेहरा उतरला. "अंबाडीच होती. लसूण जरा जास्त. पोरीला तरास झाला का?"

"जेवली गं," तुळजाबाई म्हणाली. "पोटभर जेवली."

सुमनबाईनं डबा हळूच पदराबाहेर काढला.

"आज काय हाय? उघड बरं."

फाट्यावरच्या बाया वळून बघू लागल्या. सुमनबाईनं चाचरत झाकण काढलं. तुळजाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि सगळ्यांदेखत तोंडात घातला. लसणाचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेचना. इतकं चवीचं अन्न गावातच शिजत होतं, आणि तिनं ते आजवर चाखलं नव्हतं. काय म्हणून? तिला स्वतःचीच लाज वाटली.

"हा ऋतुजाला जाऊ दे," ती डोळे पुसत म्हणाली. "माझा लुंबिनीला. चालंल का तुला?"

"न चालायला काय झालं?" सुमनबाई हसली. "आमची लुंबिनी त्या दिवशी विचारत होती, आई, आज एवढं तूप कुठून आणलंस?"

धुरळा उडवत गाडी आली. मलप्पानं खिडकीतून हात काढून दोन्ही डबे घेतले. एक पोपटी, एक लाल.

"यातला कुणाच्या पोरीचा कोणता?"

"दोन्ही आमच्या पोरींचेच," तुळजाबाई म्हणाली. "कोणता कुणी खायचा, त्या बघतील."