काळ्या फितीची चाळीस पुष्पचक्रं

कायद्यापुढे लहान-मोठं कुणी नाही, हे प्राध्यापक प्यो गिल-ह्यन यांनी तीस वर्षं शिकवलं आणि मनापासून मानलंही. कुलगुरू झाले त्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत.

साडेनऊला त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत पांढऱ्या शेवंतीची, मयतीला पाठवतात तसली चाळीस पुष्पचक्रं उभी होती. प्रत्येकाच्या काळ्या फितीवर लिहिलं होतं, 'तत्त्वज्ञान विभागास श्रद्धांजली'. विभाग बंद करणार, हे त्यांनीच निवड होताच जाहीर केलं होतं. दोन वाजता पदग्रहण होतं आणि मंत्री याच फाटकातून येणार होते.

"हटवा ती!"

"हटवते की," सचिव मेंगबाई म्हणाल्या. "फक्त साहेब, निषेधाची पुष्पचक्रं हटवणं घटनाबाह्य आहे, असं तुमच्याच पुस्तकात आहे. पान दोनशे बारा. पोरांनी फाटकावर चिकटवलंय."

"ते सरकारबद्दल होतं!"

"मग तसं लिहून द्या. मी तेही चिकटवते."

प्यो बसले, उठले, परत बसले. विद्यापीठ म्हणजे सरकार नव्हे, हे सिद्ध करायला त्यांनी सात पानं लिहिली आणि सातही फाडली. प्रत्येक मुद्द्याला त्यांच्याच पुस्तकात उत्तर निघायचं. पुस्तक फारच चांगलं लिहिलेलं होतं. शेवटी पावणेबाराला त्यांनी हटवण्याच्या हुकमावर सही केली आणि तो हातात धरून स्वतःच खाली धावले.

फाटक मोकळं होतं. फुलवाल्याने पोरांना भाड्याने दिलेली सगळी चक्रं साडेअकरालाच टेम्पोत भरून नेली होती. फिती बदलून ती त्याला दुपारच्या एका मयतीला द्यायची होती.