बुजवलेलं भोक

आजी गेली आणि ऑर्विल मामा एकदम तिचा वारसदार झाला. ती माशांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चितारायची, तेव्हा "म्हातारीचं खूळ" म्हणून हसणारा हाच. भूर्जपत्रावरच्या पवित्र आकृत्या परक्यांपुढे मांडणारी आम्हा ओजिब्वे आदिवासींत ती पहिली. जाणत्यांच्या शिव्या तिने एकटीने खाल्ल्या. आता मामा मण्यांची बंडी घालून शहरातल्या कलादालनात तिच्या चित्रांच्या प्रदर्शनाला पाहुण्यांचं स्वागत करत दारात उभा, जणू कुंचला यानेच धरला होता.

मी माझ्या लेकीला, निबिनला, कडेवर घेऊन आत शिरले. पोर सकाळपासून खोकत होती. आजीचं शेवटचं चित्र तिचंच: दिवस भरायच्या आत जन्मलेली, पाठीवर न्यायच्या पाळणाफळीला बांधलेली, पाय बाहेर. मी आधी चित्रातले पायच पाहिले. जोड्याच्या तळाला भोक नव्हतं.

"मामा, भोक कुठंय?"

"अगं, रंग उडाला होता तिथं. बाईंनी भरून घेतला."

दालनाच्या हॅलोरनबाई समाधानाने हसल्या.

"उडाला नव्हता! मरण न्यायला आलं तर बाळाने सांगायचं, माझे जोडे फाटलेत, एवढं लांब चालवणार नाही. तुझ्या पोरांनाही असलेच घातले होतेस ना?"

"हळू बोल, बये. माझी लाज काढशील."

"असती तर काढली असती."

"किती गोड समजूत!" बाई म्हणाल्या. "परंपरेचा आम्हाला आदरच आहे. पण पुस्तिका छापून झाली. आता असंच राहू दे."

"राहू दे," मामाने री ओढली. "कॉलेज शिकलीस ना तू?"

शिकले होते. काचेच्या पेटीतल्या बाळाचा श्वास चालतोय का बघत बसले, तेव्हा त्यातलं काही कामाला आलं नाही. आजीने मात्र तेव्हा हे जोडे चितारले.

निबिन पुन्हा खोकली. मी तिच्या शालीची पिन काढली.

"अगं ए! पहारेकरी आहे इथं!"

"बोलाव."

नवा रंग कच्चाच होता, पिनेने खरवडताच सालपटासारखा निघाला. खाली आजीचं काळं भोक जसंच्या तसं. बाई किंचाळल्या. पहारेकरी धावला.

मामाने चित्राकडे पाहिलंच नाही. त्याने पाहुण्यांचे चेहरे न्याहाळले, घसा खाकरला आणि जाहीर केलं, "हा आमचा पिढीजात विधी आहे."

टाळ्या पडल्या. हॅलोरनबाईंनीही वाजवल्या.